लेव्हायथन फॉल्स वाचून झालं... पण दारं बंद केली ते बरोबर केलं का?

मांजराकाठ (लातूर)

मंडळी, 'द एक्स्पान्स' या विज्ञानकादंबऱ्यांच्या मालिकेचं नववं अन् शेवटचं पुस्तक एकदाचं संपलं. इथं सिरीयल बघितलेले बरेच निघतील, प्राईमवर सहा सीझन आहेत, पण सिरीयल सहाव्या पुस्तकापाशी थांबते (शेवटचा एपिसोड जानेवारी २०२२) आणि मूळ कोड्याचा निकाल सात, आठ, नऊ या तीन पुस्तकांत लागतो. सातव्यात कथा एकदम तीसेक वर्षं पुढं उडी मारते, हिरोलोकांचे केस पांढरे, कंबर धरलेली, अन् तरी त्यांनाच परत कामाला जुंपलंय. तर हा धागा पुस्तकवाल्यांसाठी. पहिला अर्धा भाग कुणीबी वाचा, खाली रेघ मारलीय तिच्या पलीकडं सगळं फोडलेलं आहे, नंतर शिव्या घालू नका.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जेम्स एस. ए. कोरी हा एक माणूस नाही, डॅनियल अब्राहम आणि टाय फ्रँक असे दोघं मिळून लिहितात. पहिलं पुस्तक 'लेव्हायथन वेक्स' २०११ चं, शेवटचं नोव्हेंबर २०२१ चं, मधी २०२० ला अख्ख्या मालिकेला ह्यूगो (विज्ञानकथांचा मोठा पुरस्कार) मिळाला. दुकानात स्पेस ऑपेरा म्हणून ठेवतात, पण माझं म्हणणं आधीपासून हेच की ही मुळात रहस्यकथा आहे. सुरुवातच बघा ना, सेरेस नावाच्या लघुग्रहावर एक थकलेला, दारूत बुडालेला पोलीस, मिलर, त्याला एका श्रीमंत बापाची हरवलेली पोरगी शोधायचं काम देतात, काम पण असं की सापडली नाही तरी कुणाचं काही अडत नाही. दुसरीकडं एक बर्फ वाहणारं जहाज, कँटरबरी, ते कुणीतरी उडवून देतं. हे दोन धागे जुळतात अन् मग सुटत जातं ते नऊ पुस्तकं सुटतच राहतं. पोरगी कुणी मारली पासून सुरू झालेला तपास एक अख्खी संस्कृती कुणी मारली इथपर्यंत जातो. कोट्यवधी वर्षांपूर्वी कुणीतरी आकाशगंगेत एका सूर्यमालेतून दुसरीत जायची तेराशेच्या वर दारं बांधली, ते बांधणारे मेले, कशानं मेले? हा खरा खुनाचा खटला.

आता मला हे का चिकटलं ते सांगतो. ते बर्फाचं जहाज. शनीच्या कड्यांतून बर्फ तोडायचा अन् सेरेसवर आणून ओतायचा, कारण तिथं लाखो लोक राहतात अन् पाणी बाहेरून येतं. जहाज उडालं की लगेच पाण्यावरून दंगल. मी हे पुस्तक २०१६ च्या उन्हाळ्यानंतर वाचलं. ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी, मांजरा धरण कोरडं पडलेलं, मार्चमध्ये टाक्यांभोवती १४४ कलम लावलेलं, एप्रिलमध्ये मिरजेहून पाणी घेऊन जलदूत एक्सप्रेस आली, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर, पहिल्या खेपेला १० वाघिणी, एका वाघिणीत ५० हजार लिटर, म्हणजे ५ लाख लिटर, पुढं ५० वाघिणींची गाडी सुरू झाली. आम्ही स्टेशनकडं बघायला गेलेलो, लोक रेल्वेचे फोटो काढायलेत, हार घालायलेत. त्यामुळं कँटरबरी उडतं तेव्हा बाकीच्या वाचकांना स्फोट दिसला असेल, मला तर पहिल्यांदा हेच डोक्यात आलं की आता प्यायचं काय.

एवढं सामान घेऊन मी शेवटच्या पुस्तकाकडं गेलो अन् तिथंच अडकलोय.

================ इथून खाली स्पॉयलर ================

शेवट असा. दारं बांधणारे, म्हणजे बर्फाखालच्या समुद्रात जन्मलेले जेलीफिशसारखे जीव, त्यांनी दारं चालवायला ऊर्जा दुसऱ्याच एका विश्वातून ओढली. तिथं कुणीतरी राहत होतं. त्यांना ते दुखलं, त्यांनी यांना संपवलं, आणि आता माणसं तीच दारं वापरतात म्हणून माणसांना संपवायलेत. लॅकोनिया नावाच्या वसाहतीचा हुकूमशहा ड्युआर्टे म्हणतो सगळ्या माणसांची मनं जोडून एकच मन करू, मग लढता येईल. होल्डन, म्हणजे आपला हिरो, रोसिनांटे जहाजाचा कप्तान, म्हणतो नको, अन् स्वतःत प्रोटोमॉलेक्यूल (दारं बांधणाऱ्यांचा, सजीवांना बदलून टाकणारा पदार्थ) टोचून घेऊन दारांच्या मधल्या स्टेशनवर ताबा मिळवतो आणि सगळी दारं कायमची बंद करून टाकतो. स्वतः तिथंच संपतो. तेराशे सूर्यमाला, एकमेकांपासून तुटल्या. जो जिथं तो तिथं.

सगळीकडं लोक म्हणायलेत काय सुंदर शेवट, काय त्याग. मी रडलो पण, खोटं कशाला बोलू, मिलर परत येतो तिथं तर घसा भरून आला. पण एक प्रश्न कुणी विचारेना. ज्या वसाहती अजून स्वतःचं धान्य पिकवू शकत नव्हत्या त्यांचं काय? आधीच्या पुस्तकांत वारंवार सांगितलंय की बऱ्याच ठिकाणची माती आपल्या कामाची नाही, बियाणं, औषधं, सुटे भाग सगळं दारातून येतं. होल्डनला दारांच्या मधल्या पोकळीतली जहाजं बाहेर काढायला वेळ मिळतो, पण त्या गावांना निरोप द्यायला? आणि शेवटच्या प्रकरणात हजारएक वर्षांनी एक जहाज पृथ्वीवर येतं, ते कुठल्या तर 'थर्टी वर्ल्ड्स'चं. तीस! बाकीच्या साडेबाराशे कुठायत?

लेखकांनी ते पानच गाळलं असं मला वाटतं. नळाच्या टोकाला राहणाऱ्या माणसानं ते पान आधी शोधलं असतं. तुम्हाला काय वाटतं बोला.

----

रुमाल_टाकू (परभणी)

रुमाल टाकून ठेवतो. पाचव्या पुस्तकावर आहे, रेघेच्या वरचंच वाचलं, आईशप्पत. वाचनखूण साठवली.

----

निजामकालीन (छ. संभाजीनगर)

उत्तम धागा मालक, पण निकालाशी असहमत.

होल्डनपुढं पर्याय काय होते ते मांडा. एक, दारं चालू ठेवायची अन् मरायचं. सॅन इस्टेबानमध्ये काय झालं विसरलात का, अख्खी सूर्यमाला एका झटक्यात मेली, माणसं जागच्या जागी. ते तिकडचे लोक प्रयोग करत होते, कधी सगळ्यांची शुद्ध घालव, कधी निसर्गाचे नियमच हलव, अन् एक ना एक दिवस त्यांना पद्धत सापडली असती. दोन, ड्युआर्टेचं एकच मन. म्हणजे माणसं जगली पण माणूस म्हणून कुणी उरलं नाही. तीन, दारं बंद. तिसऱ्यात काही जण उपाशी मरतील, पण बाकीचे जगतील आणि स्वतःच्या डोक्यानं जगतील. हे गणित क्रूर आहे पण चुकीचं नाही.

आणि जलदूतची गोष्ट इथं लागू होत नाही. रेल्वे बंद केल्यावर मिरजेतून कुणी मारायला येणार नव्हतं.

----

मांजराकाठ (लातूर)

@निजामकालीन, गणित बरोबर आहे हो, मी होल्डनला दोषी धरतच नाही. मी लेखकांना विचारायलोय. नऊ पुस्तकं तुम्ही सांगितलं की वरच्यांच्या निर्णयाची किंमत खालचे भरतात, पृथ्वी अन् मंगळ भांडतात अन् लघुग्रहांच्या पट्ट्यातली पोरं तहानेनं मरतात, सेरेसचा स्वतःचा बर्फ आधीच काढून नेलेला अन् मग त्यांनाच बाहेरून विकत पाणी. अन् शेवटच्या पुस्तकात सगळ्यात मोठा निर्णय झाला तर त्याची किंमत भरणाऱ्यांचं एक प्रकरण नाही. होल्डनची जोडीदार नाओमी कुठं गेली कळलं, वैमानिक अ‍ॅलेक्स रोसिनांटे घेऊन पोराकडं गेला कळलं. आपल्या घरच्यांचं सगळं कळलं, शेजाऱ्यांचं काहीच नाही.

----

नाईट_ड्युटी (नांदेड)

माझी तक्रार वेगळीच आहे. रहस्यकथा म्हणून बघितलं तर खुनी कोण हे शेवटपर्यंत कळत नाही! म्हणजे दुसऱ्या विश्वातले कुणीतरी, इतकंच. त्यांचा चेहरा नाही, भाषा नाही, हेतू पण अंदाजानंच. नऊ पुस्तकं, हजारो पानं, रात्रपाळीत डोळे ताणून वाचलेली, अन् आरोपी फरार. मी तर शेवटच्या शंभर पानांत वाट बघत होते की आता एक प्रकरण त्यांच्या बाजूनं येईल. आलंच नाही.

बांधणाऱ्यांची गोष्ट मात्र भारी सांगितलीय, ती कारा (मरून परत उठलेली पोरगी) त्या हिऱ्याला (बांधणाऱ्यांच्या आठवणींचा भलामोठा साठा) जोडून घेते अन् स्वप्नात त्यांचं सगळं आयुष्य जगते ती प्रकरणं. भाषा एकदम वेगळी, पहिल्यांदा वाचताना काही कळेना, दुसऱ्यांदा वाचल्यावर अंगावर काटा. पण म्हणजे मेलेल्याचा पूर्ण इतिहास मिळाला अन् मारणाऱ्याचा शून्य.

----

निजामकालीन (छ. संभाजीनगर)

@नाईट_ड्युटी, ताई तेच तर बरोबर आहे. आपण त्यांना समजू शकतो असं दाखवलं असतं तर ते परत माणसंच झाले असते, चार हात लावलेली. शिवाय खुनी खरंच तेच का? दुसऱ्याच्या घरातून वीज चोरली कुणी? बांधणाऱ्यांनी. मग फिर्यादी कोण अन् आरोपी कोण, तुम्हीच सांगा.

----

नाईट_ड्युटी (नांदेड)

हां हे पटण्यासारखं आहे. आकडे टाकून लाईन घेतली, मालकानं येऊन तोडली, अन् आम्ही म्हणायलोय मालक खुनी. तरीपण एक प्रकरण द्यायला पाहिजे होतं, माझा हट्ट कायम.

----

फळ्यावरचा_खडू (हिंगोली)

मी विज्ञानाचा मास्तर, त्यामुळं थोडं अवांतर चालवून घ्या.

सेरेसला फिरवून ०.३ जी, म्हणजे पृथ्वीच्या तीस टक्के, एवढं गुरुत्व केल्याचं पुस्तकात आहे ना, वर्गात पोरांना हे गणित घातलं होतं. सेरेसची त्रिज्या साधारण ४७० किमी. सध्या तो स्वतःभोवती नऊ तासांत एक फेरी मारतो. ०.३ जी साठी ती फेरी बेचाळीसएक मिनिटांत व्हायला पाहिजे. आता सेरेसचं स्वतःचं गुरुत्व पृथ्वीच्या जेमतेम तीन टक्के, म्हणजे बाहेर फेकणारा जोर आत ओढणाऱ्या जोराच्या दहापट. बर्फ अन् मातीचा गोळा तो, उधळून जाईल. एक पोरगं म्हणालं सर मग पुस्तक खोटं का. म्हणलं गोष्ट खरी आहे, गोळा खोटा आहे.

दुसरं, २०१५ च्या मार्चमध्ये नासाचं डॉन यान सेरेसभोवती पोचलं अन् तिथं पृष्ठभागाखाली भरपूर बर्फ असल्याचं चांगलंच पक्कं झालं. पुस्तक २०११ चं. सगळा बर्फ उपसून नेला हे कारण आहे म्हणून गोष्ट टिकते, नाहीतर शनीवरून बर्फ आणायची गरजच नव्हती. जिथं पाणी होतं तिथल्यांनाच पाणी विकत, हे तर तुम्ही वर लिहिलंच आहे.

आणि लातूरकर, तुमच्या २०१६ ला आमचं पण एक जोडतो. गुरुत्वीय लहरींचा पहिला सिग्नल सापडल्याचं लिगो या अमेरिकेतल्या वेधशाळेनं जाहीर केलं ११ फेब्रुवारी २०१६ ला, त्याच महिन्यात लिगो-इंडियाला केंद्रानं तत्त्वतः मंजुरी दिली, अन् एप्रिलात तुमच्याकडं रेल्वेनं पाणी. जागा ठरली आमच्या औंढा नागनाथजवळ. २०२३ च्या एप्रिलात मंत्रिमंडळानं २६०० कोटींची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरचे दोन हात, काटकोनात. दोन कृष्णविवरं कुठं तरी अब्जावधी प्रकाशवर्षांवर आदळली की इथं हिंगोलीत प्रोटॉनच्या आकारापेक्षाही कितीतरी बारीक हालचाल मोजायची. प्रोटोमॉलेक्यूलवाल्यांनी दारं उघडली तर पहिल्यांदा आपल्यालाच कळणार, पुणेकरांनी नोंद घ्यावी.

मूळ प्रश्नावर, मी निजामकालीनांच्या बाजूचा.

----

मोंढा_नाका (बीड)

लातूरकरांनी जलदूतचा विषय काढला म्हणून लिहितोय, नाहीतर गप वाचत होतो.

मांजरा धरण कुठंय? धनेगाव. धनेगाव कुठं? केज तालुका, जिल्हा बीड. जमीन आमची गेली, पाणी तुमच्या नळाला, अन् ते आटलं तर देशभरातले कॅमेरे लातूरला. आमच्या वाड्या-वस्त्यांना त्या साली टँकरच, त्याला कुणी हार घातला नाही. तेव्हा सेरेस सेरेस करताना जरा बघा तुम्ही सेरेसवरचे का मंगळावरचे.

पुस्तकाबद्दल: मी सिरीयल बघून मग वाचायला घेतलं, सातवं वाचून थांबलो, ती लॅकोनियावाल्यांची हुकूमशाही लई लांबवली असं वाटलं. आता हा धागा वाचून पुढचं घ्यावं म्हणतो. स्पॉयलर वाचले, काही फरक पडत नाही मला.

----

मांजराकाठ (लातूर)

@मोंढा_नाका, हाणलं तुम्ही, अन् मानलं. 😄 धरण तुमचं, मान्य. पण बघा, तुम्ही माझाच मुद्दा मोठा केलाय. पाइपलाइनच्या टोकाला बसलेल्याच्या पलीकडं पण कुणीतरी असतंय ज्याच्याकडं पाइपच नाही. पुस्तकात तो माणूस हवा होता.

आठवं घ्याच. लॅकोनिया सातव्यात कंटाळवाणं वाटतं कारण तिथं फक्त बुटांचा आवाज आहे, आठव्यात त्याच राजवाड्यात ड्युआर्टेची पोरगी, टेरेसा, तिच्या नजरेतून दाखवलंय अन् तिथं कळतं हुकूमशहा पण बाप असतो म्हणजे काय. बॉबीचं (ती मंगळावरची सैनिक) काय होतं ते सांगत नाही, रुमाल जवळ ठेवा.

----

रुमाल_टाकू (परभणी)

माझं नाव घेतलं का कुणी

----

सोलापूर_रोड (धाराशिव)

मी वाचत नाही, ऐकतो. दर आठवड्याला गाडीनं ये-जा असते, जेफरसन मेजनं वाचलेली ऑडिओबुकं, सगळी नऊ झाली. एक सांगू का, अवासारलाच्या तोंडच्या शिव्या त्या माणसाच्या तोंडून ऐकायला जी मजा आहे ती छापील पानात नाही. साडी नेसणारी आजी, युनोत बसून अख्खी सूर्यमाला हलवते अन् तोंड असं की आमच्या गल्लीतली म्हातारी सोज्ज्वळ वाटावी. शेवटच्या पुस्तकात ती नाही, तोवर गेलेली असते, अन् ते जाणवतं. प्रत्येक मोठ्या बैठकीत वाटतं आता एक शिवी यायला पाहिजे होती.

आणि एमोस, रोसिनांटेवरचा मेकॅनिक. एमोसबद्दल धाग्यात अजून कुणीच काही बोललं नाही हे बघून वाईट वाटलं. मेलेला माणूस परत उठवला, डोळे काळे झाले, कातडी राखाडी, अन् तरी बोलतो तसाच. ड्युआर्टेनं सगळ्यांना एक करायचा घाट घातला त्याच्यासमोर हा एक नमुना ठेवलाय, की परक्या गोष्टीनं हाड न् हाड बदललं तरी माणूस तोच राहू शकतो, जर त्याला त्याचा त्याला राहू दिलं तर. मला शेवटचं प्रकरण म्हणूनच आवडलं, हजार वर्षांनी जहाज येतं अन् पृथ्वीच्या वतीनं स्वागताला कोण, तर हा!

मांजराकाठ, तीसचा अर्थ तुम्ही उलटा लावताय असं मला वाटतं. तीस जगांनी एकमेकांना शोधलं एवढंच ते सांगतं. बाकीची मेली असं कुठं म्हणलंय? पृथ्वी पण त्या तीसात नव्हतीच की, अन् ती तर जिवंत निघाली.

----

मांजराकाठ (लातूर)

@सोलापूर_रोड, हा मुद्दा जोरदार आहे. पृथ्वी तीसात नव्हती हे माझ्या ध्यानात होतं पण ते असं वापरता येतं हे सुचलं नव्हतं. ठीक, साडेबाराशे मेले असं नाही म्हणत. पण 'कळलं नाही' अन् 'सांगितलं नाही' यात फरक आहे का नाही? हजार वर्षांची उडी मारून लेखकानं मधली पहिली दहा वर्षं टाळली. दुष्काळ संपल्यावरचा फोटो दाखवायचा, दुष्काळ नाही.

----

नाईट_ड्युटी (नांदेड)

एमोसबद्दल +१००.

----

शंकेखोर_पिंट्या (जालना)

माफ करा, एक बेसिक शंका. इंग्रजी माध्यमात शिकलेलो नाही, ही पुस्तकं झेपतील का? सिरीयल सबटायटल लावून बघितली, लई आवडली.

----

फळ्यावरचा_खडू (हिंगोली)

@पिंट्या, बिनधास्त घ्या. किंडलवर किंवा फोनच्या अ‍ॅपवर शब्दावर बोट ठेवलं की अर्थ येतो. वाक्यं लांबलचक नाहीत, प्रकरणं छोटी छोटी, प्रत्येक प्रकरण एकाच माणसाच्या डोळ्यांतून आहे अन् वर त्याचं नाव लिहिलेलं असतं त्यामुळं गोंधळ होत नाही. पट्ट्यातल्या लोकांची मिसळलेली बोली पहिल्यांदा अडखळवते, पण ती तिथल्या पृथ्वीवाल्यांना पण कळत नाही असंच दाखवलंय, तेव्हा चालू द्या. सिरीयल बघितली तरी पहिल्यापासूनच वाचा, बरंच वेगळं आहे.

----

निजामकालीन (छ. संभाजीनगर)

मूळ विषयावर परत. मला वाटतं मांजराकाठ यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर सातव्या पुस्तकात आहे अन् ते कुणी बघत नाही. दारं चालवायचा हक्क कुणाकडं गेला? ट्रान्सपोर्ट युनियनकडं. म्हणजे पट्ट्यातल्याच लोकांकडं, ड्रमर त्याची अध्यक्ष. ज्यांच्या घशाला पिढ्यान्‌पिढ्या कोरड, व्हॉल्व्हची चावी त्यांच्याच हातात. अन् त्यांनी काय केलं? पहिल्याच प्रकरणांत एका छोट्या वसाहतीनं नियम मोडला म्हणून होल्डनला पाठवलं, काय निरोप घेऊन, तर तुमचं दार तीन वर्षं बंद. त्या वसाहतीला तेवढा काळ पुरवठ्याशिवाय निघणार नाही हे माहीत असताना. होल्डननं ते ऐकलं नाही, मधला मार्ग काढला, त्यावरून ड्रमर भडकली.

आता नवव्यातला शेवट त्याच्याशेजारी ठेवा. जो माणूस एका गावाचं दार तीन वर्षं बंद करायला तयार नव्हता, त्यानं तेराशे दारं कायमची बंद केली. लेखक विसरले नाहीत हो. त्यांनी किंमत आधी सांगून ठेवली, काही वर्षांनी आणखी म्हातारा झालेल्या त्याच माणसाकडून ती वसूल केली. शेवटी परत तेच लिहिलं असतं तर आम्हीच म्हणालो असतो की किती समजावून सांगताय.

----

मांजराकाठ (लातूर)

हे लई भारी पकडलं. फ्रीहोल्ड नाव त्या वसाहतीचं. ते प्रकरण मी सातव्याची सुरुवात म्हणून वाचून सोडून दिलं होतं. आता परत काढून वाचतो. तरी पण, एक वाक्य? होल्डनच्या डोक्यात शेवटच्या क्षणी फ्रीहोल्ड यायला पाहिजे होतं का नाही?

----

निजामकालीन (छ. संभाजीनगर)

वाचकाच्या डोक्यात आलं तर बास की.

----

अंबाजोगाईची_लेक (सध्या पुणे)

उशिरा आले, पण कुणीच कसं सांगितलं नाही? मांजराकाठ दादा, तुम्ही शोधताय ते पान लिहिलेलं आहे. 'मेमरीज लीजन' म्हणून छोट्या कथांचं पुस्तक मार्च २०२२ ला आलं, त्यात शेवटची कथा आहे 'सिन्स ऑफ अवर फादर्स'. ती नवव्या पुस्तकानंतर घडते. दार बंद झालेल्या एका वसाहतीतलं मूठभर लोकांचं गाव, बाहेरून कुणी येणार नाही हे पक्कं, रात्री भलेमोठे प्राणी येऊन घरं तुडवतात, आणि गावात एक दादागिरी करणारा वर चढायला लागतो. आणि बघणारा कोण, तर फिलिप, नाओमीचा मुलगा! मार्को इनारोसचा मुलगा. ज्याच्या बापानं पृथ्वीवर दगड टाकले तो पोरगा आता पन्नाशीच्या घरात, एका कोपऱ्यातल्या गावात दुरुस्तीची कामं करतोय. पुढचं सांगत नाही.

----

मोंढा_नाका (बीड)

हे माहीत नव्हतं. फिलिपचं पुढं काय झालं हा प्रश्न सहाव्यापासून डोक्यात होता.

----

मांजराकाठ (लातूर)

ताई, तुमचे उपकार. लगेच घेतली, एका बैठकीत वाचून काढली.

जे पाहिजे होतं तेच आहे. धान्य पुरेल का, गाव हलवायचं का, हलवायचं तर कोण ठरवणार, बैठकीत कोण मोठ्यानं बोलतं अन् कोण गप बसतं. कुठल्याबी तुटलेल्या गावात पहिला प्रश्न पाण्याचा-धान्याचा असतो अन् दुसरा लगेच हा की आता मालक कोण, हे त्यांनी बरोबर पकडलंय. अन् फिलिपला तो दादा बघून स्वतःचा बाप दिसतो, तिथं तर मी पुस्तक खाली ठेवून चहा करून आलो.

पण मग माझा राग आणखी वाढला म्हणा ना! हे पान लिहायला येत होतं तर ते नवव्याच्या आत का नाही घातलं? वेगळ्या पुस्तकात, शेवटी, ज्याला माहीत आहे तोच वाचणार. सहाव्यात सिरीयल संपलेली, नवव्यात कादंबऱ्या संपलेल्या, अन् दारं बंद झाल्यावर खाली काय झालं ते बघायला तुम्हाला तिसऱ्याच दुकानात जावं लागतं. निजामकालीन म्हणतात ते फ्रीहोल्डचं पटलं, होल्डनवर माझा आक्षेप उरला नाही. रचनेवर आहे अन् राहणार.

----

सोलापूर_रोड (धाराशिव)

मला ते बाहेर आहे हेच बरं वाटतं. नवव्याच्या शेवटी नाओमीसोबत निरोप घेतल्यावर लगेच त्या चिखलातल्या गावात गेलो असतो तर निरोप पचलाच नसता. पण फिलिपची गोष्ट नाओमीला कधीच कळणार नाही, दार बंद आहे, हे डोक्यात आलं अन् गाडी बाजूला घ्यावी लागली. म्हणून दोन पुस्तकं वेगळी असण्याला पण अर्थ आहे. ती दोघं जशी वेगळी तशी ती पुस्तकं वेगळी.

----

नाईट_ड्युटी (नांदेड)

सोलापूर_रोड, हे वाचून मी आता ड्युटीवर रडायलेय, पेशंटचे नातेवाईक बघायलेत.

----

रुमाल_टाकू (परभणी)

रेघेखालचं अजून बघितलं नाही, प्रतिसाद पण बोटानं झाकून खाली आलो. फक्त एवढं सांगा, एमोस शेवटपर्यंत जगतो का? त्याच्यावर काही आलं तर मी पुढं वाचणार नाही.

----

फळ्यावरचा_खडू (हिंगोली)

कुणी सांगू नका रे.

----

अंबाजोगाईची_लेक (सध्या पुणे)

@रुमाल_टाकू, पाचव्यावर आहात ना, मग वाचत रहा. त्याऐवजी छोट्या कथांचा क्रम सांगते, तो कुणी नीट सांगत नाही. 'द चर्न' एमोसच्या आधीच्या आयुष्याची आहे, ती पाचव्याच्या आधी वाचलेली चांगली, तुमची राहिली असेल तर आत्ताच थांबून वाचा कारण पाचव्यात तो बाल्टिमोरला जातो. पाचवं संपलं की 'द व्हायटल अ‍ॅबिस'. सहाव्यानंतर अन् सातव्याच्या आधी 'स्ट्रेंज डॉग्स', ही चुकवूच नका, पुढच्या पुस्तकांतली काही माणसं तिथूनच येतात. आठव्यानंतर 'ऑबेरॉन'. आणि 'सिन्स ऑफ अवर फादर्स' अगदी शेवटी, नवव्यानंतर, मांजराकाठ दादा काहीही म्हणोत. सगळ्या 'मेमरीज लीजन'मध्ये एकत्र आहेत, सुट्या घ्यायची गरज नाही.